देवदर्शन, जेवणासह

जगातल्या कुठल्याही राजधानीत उतरा, हॉटेलच्या काउंटरवर एक गुळगुळीत पत्रक ठेवलेलं असतंच : प्राचीन अवशेष आणि तीर्थस्थळं, एका दिवसात, गाईडसह, जेवणासह, संध्याकाळी हॉटेलवर परत. कैरोत ते मेम्फिस-सक्काराचं असतं, बँकॉकमध्ये अयुथयाचं, अम्मानमध्ये जेराशच्या रोमन खांबांचं आणि मोझेसने जिथून वचनभूमी पाहिली म्हणतात त्या नेबो डोंगराचं. राजधानीपासून तास-दीड तासावर एखादी जुनी, पडकी राजधानी बहुधा निघतेच. नवं राज्य थाटणाऱ्यालाही पाणी, माती आणि बाजाराच्या वाटा जुन्याच लागतात, त्यामुळे तो फार लांब जात नाही. आणि त्या पडक्या राजधानीच्या वाटेवर एखादं चालतं देवस्थानही निघतं, कारण टूरवाल्याला सकाळचे दोन तास भरायचे असतात.

पत्रकाच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच : जुन्या, दगडी आणि फोटो काढण्याजोग्या. गिऱ्हाईकाला मात्र फरक जाणवतो. ज्या देवळातला देव कधीच निघून गेलाय आणि ज्यात तो अजून राहतोय, त्या दोन ठिकाणी माणसाचे हातपाय सारखे वागत नाहीत. माझं निरीक्षण असं, की मेलेल्या देवांशी पर्यटकाचं झटकन जमतं. जिवंत देवापुढे त्याची पंचाईत होते. मेक्सिको सिटीत हे इतकं लख्ख दिसतं, की टूर आखणाऱ्याने मुद्दामच तशी आखली असावी असं वाटावं. सकाळी ग्वादालुपेची माता, दुपारी तेओतिवाकानचे पिरॅमिड. मध्ये दुकान.

मेक्सिको सिटीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला व्हॅनमध्ये बसवून दिलं तेव्हा सूर्य उगवायचा होता. अशी व्हॅन लगेच निघत नाही. ती आधी शहरभर फिरून माणसं गोळा करते. प्रत्येक हॉटेलपाशी गाईड उतरतो, आत जातो, आणि केस ओले असलेलं एक जोडपं घेऊन बाहेर येतो. शेवटी बसणाऱ्याकडे आधी बसलेले सगळे असे बघतात, की पुढचे दोन तास तो खिडकीबाहेरच बघत राहतो. आमच्यात कोलंबियाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, एक निवृत्त जर्मन गृहस्थ होते आणि टेक्सासहून आलेल्या तीन मैत्रिणी होत्या. गाईड पन्नाशीचा, डोक्यावर हॅट, हातात मिटलेली छत्री. प्रत्येक गोष्ट तो आधी स्पॅनिशमध्ये सांगायचा, मग इंग्रजीत. स्पॅनिशमध्ये चार मिनिटं चाललेल्या आणि कोलंबियन जोडप्याला हसून हसून डोळे पुसायला लावणाऱ्या किश्शाचं इंग्रजीत एकच वाक्य व्हायचं : “हे चर्च 1609 मध्ये पूर्ण झालं.” बाकीचं कुठे गेलं ते विचारण्याइतकी ओळख अजून झालेली नव्हती.

ते चर्च त्लातेलोल्कोचं. टूरचा हा पहिला थांबा, जेमतेम पंधरा मिनिटांचा. खाली अझ्टेकांच्या देवळांचे कापून काढल्यासारखे चौथरे, त्यांच्याच दगडांतून उभं राहिलेलं हे चर्च, आणि भोवती 1960 च्या दशकातल्या सिमेंटच्या इमारती. 13 ऑगस्ट 1521 रोजी अझ्टेकांचा शेवटचा राजा क्वाउतेमोक स्पॅनिशांपुढे हरला तो इथे. तिथल्या शिलालेखात म्हटलंय, की तो ना कुणाचा विजय होता ना कुणाचा पराभव, तो आजच्या मिश्र रक्ताच्या मेक्सिकोचा वेदनामय जन्म होता. पराभवाबद्दल इतकं समजूतदारपणे लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. याच चौकात 2 ऑक्टोबर 1968 रोजी, ऑलिंपिक दहा दिवसांवर आलेलं असताना, सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. मी भारतातला आहे हे कळल्यावर गाईड एवढ्यासाठी माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “ओक्ताविओ पाझ.” कवी पाझ तेव्हा दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. बातमी कळल्यावर त्यांनी ते पद सोडलं. मी मान हलवली. त्यानेही हलवली. मग त्याने घड्याळ बघितलं आणि आम्ही सगळे व्हॅनमध्ये.

ग्वादालुपेच्या मातेची गोष्ट मात्र त्याने घाई न करता सांगितली, दोन्ही भाषांत सारख्याच लांबीची. डिसेंबर 1531. स्पॅनिश राज्य येऊन दहा वर्षं झालेली. हुआन दिएगो नावाचा, नव्याने ख्रिस्ती झालेला एक साधा स्थानिक माणूस तेपेयाकच्या उजाड टेकडीवरून चाललेला असताना त्याला मेरीने दर्शन दिलं, आणि ती बोलली ती त्याच्या नाहुआत्ल भाषेत. इथे माझं देऊळ बांध म्हणून बिशपला जाऊन सांग, म्हणाली. बिशप सुमारागा यांनी बिशपांनी वागावं तसंच केलं : पुरावा मागितला. मग त्या टेकडीवर भर थंडीत गुलाब फुलले. हुआन दिएगोने ते आपल्या जाड्याभरड्या अंगरख्याच्या ओच्यात भरून नेले, बिशपसमोर ओचा सोडला, फुलं खाली पडली आणि कापडावर मातेचं चित्र उमटलेलं दिसलं. घायपाताच्या धाग्याचं ते कापड आज काचेमागे टांगलेलं आहे आणि त्याच्यासाठी वर्षाला लाखो माणसं येतात. त्याच टेकडीवर आधी तोनान्त्सिन या मातृदेवतेचं ठाणं होतं, आणि लोक दुरून दुरून येतात ते नक्की कुणासाठी, अशी चिंता सोळाव्या शतकातच सहागुन नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलीय. त्याची ती चिंता अजून मिटलेली नसावी.

आवारात दोन बॅसिलिका शेजारी शेजारी आहेत. जुनी 1709 ची. मेक्सिको सिटी एका बुजवलेल्या तळ्यावर वसलीय आणि शहराचे काही भाग वर्षाला चाळीस-पन्नास सेंटिमीटर खचतात, त्यामुळे जुनी बॅसिलिका एका अंगाला झुकलीय. आत चालताना डोळे सांगतात जमीन सपाट आहे, पाय सांगतात नाही, आणि पोट दोघांच्या भांडणात सापडतं. नवी 1976 ची, गोल, तंबूसारख्या छताची. ती बांधली पेद्रो रामिरेस वास्केस यांनी. मेक्सिकोचं अझ्तेका फुटबॉल स्टेडियमही त्यांचंच. हे कळल्यावर सगळा उलगडा झाला. आत दहा हजार माणसं मावतात, मध्ये एकही खांब नाही आणि कुठूनही मूर्तीकडे, म्हणजे चित्राकडे, सरळ नजर जाते. गर्दीला काय हवं असतं ते स्टेडियमवाल्याला कळतं.

आणि खाली सरकते पट्टे. विमानतळावर असतात तसेच. वेदीच्या मागे, चित्राच्या बरोबर खाली ते बसवलेत. तुम्ही पट्ट्यावर उभं राहायचं, मान वर करायची. माता डोक्यावरून हळूच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि पट्टा तुम्हाला पलीकडे सोडून देतो. पंढरपुरात तासन् तास रांगेत काढल्यावर पायांवर डोकं टेकायला क्षणभर मिळतं, आणि त्या क्षणातही मागून खांद्यावर हात पडतो : चला, माउली, पुढे चला. इथे तो हात काढून टाकलाय आणि जमीनच पुढे केलीय. रागवायचं कुणावर? वर आणखी सोय अशी, की उलट दिशेने जाणारा पट्टाही शेजारीच आहे. त्यामुळे लोक जातात, येतात, पुन्हा जातात. आमच्यातली कोलंबियाची नवरी इतक्या फेऱ्या मारत होती, की तिचा नवरा एका टोकाला उभा राहून दर वेळी तिला नव्याने भेटल्यासारखा हात करायचा.

आमची बाकीची मंडळी मात्र अवघडली होती. व्हॅनमध्ये अखंड बोलणारा गाईड दारापाशी थांबला, “पंचवीस मिनिटं, घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटू,” म्हणाला आणि गप्प झाला. आत प्रार्थना चालू होती, ती दिवसभर चालूच असते. कॅमेरा काढावा की नाही, टोपी काढावी की नाही, गुडघे टेकणाऱ्यांच्या रांगेत आपण ताठ उभे आहोत ते बरं दिसतं का, असे सगळे प्रश्न एकदम उभे राहिले. आपण परक्याच्या घरी अगदी जेवणाच्या वेळी टपकलोय, असं काहीसं.

बाहेर चौकात एक म्हातारी गुडघ्यांवर चालत येत होती. तिचा मुलगा तिच्या पुढे दोन घोंगड्या आळीपाळीने अंथरत होता : ती पुढच्या घोंगडीवर पोचली, की मागची उचलून तो पुढे आणून टाकायचा. घोंगड्यांना मधल्या घडीपाशी भोक पडलेलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मध्येच तिने हात वर केला, तो थांबला, तिने श्वास घेतला, पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली, चल म्हणून. जर्मन गृहस्थ तेवढ्यात हातातला नकाशा उलगडून त्यात डोकं घालून बसले. ज्या चौकात आम्ही उभे होतो त्या चौकाचा नकाशा.

या देवस्थानाला चमत्कारांचा तोटा नाही. 1921 मध्ये कुणीतरी फुलांच्या गुच्छात स्फोटकं लपवून वेदीवर ठेवली. स्फोटात संगमरवर फुटला, धातूचा भलामोठा क्रूस वाकून कमान झाला, पण चित्राची काच शाबूत राहिली. तो वाकलेला क्रूस काचेच्या पेटीत ठेवलाय. त्याच्यापुढे माझ्यासारखे अश्रद्धही जरा जास्त वेळ थांबतात, कारण वाकलेल्या धातूवर वाद घालता येत नाही. पण मला याहून आवडली ती तिथल्या मठाधिपतीची हकीकत. गियेर्मो शुलेनबर्ग यांनी तीस वर्षांहून अधिक काळ हे देवस्थान सांभाळलं, नवी बॅसिलिका त्यांच्याच काळात उभी राहिली. आणि म्हातारपणी एका मुलाखतीत ते म्हणून गेले, की हुआन दिएगो हा माणूस खरोखर होऊन गेला असं नाही, ते एक प्रतीक आहे. देशभर गहजब झाला, 1996 मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मेक्सिकोत येऊन त्याच हुआन दिएगोला संतपद दिलं. मेक्सिकन लोक स्वतःबद्दल गमतीने म्हणतात, की आम्ही नव्वद टक्के कॅथलिक आणि शंभर टक्के ग्वादालुपेचे. मठाधिपती बहुधा नव्वदांतले निघाले, शंभरांतले नव्हे.

घड्याळाखाली सगळे वेळेत जमले. टेक्सासच्या तिघींतली सगळ्यात बडबडी होती, तिच्या हातात एक मेणबत्ती होती आणि त्या मेणबत्तीबद्दल ती काही बोलली नाही. व्हॅनही बराच वेळ गप्प होती.

शहर उत्तरेकडे संपता संपत नाही. एकातेपेकच्या टेकड्यांवर रंगीबेरंगी घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, आणि त्यांच्यावरून 2016 पासून पाळण्यांची केबल जाते. ती पर्यटकांसाठी नाही, कामावर जाणाऱ्यांसाठी आहे. याच बाजूने पूर्वेकडे, टेक्सकोकोजवळ, चापिंगोचं शेतकी विद्यालय लागतं. आमची टूर तिकडे जात नव्हती, कुणाचीच जात नाही. पण मराठी माणसाला या भागात एक तीर्थ असेल तर ते तिथे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर पक्षाचे क्रांतिकारक, देशोदेशी वणवण करत 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले आणि या विद्यालयात मक्यावर संशोधन करू लागले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिवेराच्या शिक्षण मंत्रालयातल्या एका भित्तिचित्रात जेवणाच्या टेबलाशी बसून भाकर मोडून देणारा माणूस आहे, तो खानखोजेच असं सांगतात. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. मी हे सगळं गाईडला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, नाव दोनदा विचारून घेतलं आणि लगेच स्पॅनिशमध्ये मागे सांगितलं. कोलंबियन जोडपं हसलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला अजून समजलेलं नाही.

मग दुकान. टूरच्या कार्यक्रमात त्याचं नाव ‘स्थानिक कारागिरांशी भेट’. मी रागवायच्या तयारीत होतो, पण रागवता आलं नाही, कारण समोरचा माणूस फार गुणी निघाला. त्याने घायपाताच्या जाड पात्याची कड नखाने सोलली आणि कांद्याच्या सालीइतका पातळ, पारदर्शक पापुद्रा काढून माझ्या हातात ठेवला : कागद. मग पात्याच्या टोकाचा काटा मोडला आणि हळूच ओढत नेला, तर काट्याला चिकटून पांढरा धागा निघत आला : दोरा ओवलेली सुई. मग निवडुंगाच्या पानावरची कापसासारखी दिसणारी एक किडकी भुकटी त्याने माझ्या तळहातावर झटकली आणि अंगठ्याने चिरडली. हात रक्तासारखा लाल झाला. हा कोचिनीलचा किडा. स्पॅनिश काळात मेक्सिकोतून चांदीखालोखाल मोल कशाला असेल तर या रंगाला. युरोपातले राजे-कार्डिनल या किड्याच्या जिवावर लालेलाल हिंडत. त्याने लिंबू पिळलं, लालाचा भगवा झाला. चुना लावला, जांभळा झाला. माझा हात दिवसभर तसाच होता.

त्यानंतर छोट्या प्लॅस्टिकच्या पेल्यांतून पुल्के, मेस्काल, टकीला, याच क्रमाने, आणि मग लगेच दुकानाचं दार. या क्रमात शास्त्र आहे. आत ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, कासवं, मांजरं, कवट्या, पिरॅमिड. उन्हात धरली की काहींच्या काळ्यातून सोनेरी झाक दिसते. तेओतिवाकान श्रीमंत झालं त्यात या काचेचा मोठा वाटा होता. तिच्या सुऱ्या आणि भाल्यांची टोकं शेकडो मैल जायची. म्हणजे या पंचक्रोशीत काळी काच विकण्याचा धंदा दोन हजार वर्षांचा आहे आणि आपण त्यातलं ताजं गिऱ्हाईक आहोत, असं मनाशी म्हटलं की किमतीचं फार वाटत नाही. जर्मन गृहस्थांनी एक जड कासव घेतलं. दुपारभर ते पिशवीत वागवताना त्यांचा एक खांदा जुन्या बॅसिलिकेसारखा झुकला होता.

आणि पिरॅमिड. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत सूर्याचा पिरॅमिड डोंगरच वाटतो. तळाशी एकेक बाजू सव्वादोनशे मीटरच्या आसपास, उंची पासष्ट मीटर. लोखंडाचं हत्यार नाही, ओझ्याचं जनावर नाही, चाक नाही. सगळं माणसांच्या पाठीवरून आलेलं. त्याच्यावर चढणं 2020 च्या महामारीत बंद झालं. ज्यांचे गुडघे दुखतात अशा आम्हा सगळ्यांना त्याचं मनातून बरं वाटलं आणि तोंडाने आम्ही हळहळलो.

इथे गाईडला पुन्हा कंठ फुटला. कारण इथे त्याला अडवणारं कुणी नव्हतं. शंभर पिढ्यांपूर्वीचं हे शहर, ऐन भरात लाखाच्या वर वस्ती, दूरच्या ओआहाकाच्या लोकांची इथे वेगळी पेठ, आणि तरी एका राजाचं नाव माहीत नाही. बोलत कुठली भाषा, नक्की नाही. शहराचं त्यांनी ठेवलेलं नावही हरवलं. तेओतिवाकान, सूर्याचा पिरॅमिड, चंद्राचा पिरॅमिड, मृतांचा रस्ता ही सगळी नावं ठेवली अझ्टेकांनी, आणि अझ्टेक आले तोवर शहर पडून सहा-सातशे वर्षं होऊन गेली होती. रस्त्याकडेचे उंचवटे त्यांना थडगी वाटले, म्हणून मृतांचा रस्ता. ती थडगी नव्हती. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

म्हणजे इथले पहिले पर्यटक अझ्टेकच. मोक्तेसुमा राजा पुजाऱ्यांना घेऊन दर वीस दिवसांनी इथे येई, अशी 1580 च्या एका स्पॅनिश अहवालात नोंद आहे. राजधानीहून जुन्या अवशेषांकडे, बळी वगैरे देऊन परत. जेवणाचं काय करत ते अहवालात नाही. आठवण म्हणून ते इथले मुखवटे उकरून घेऊन गेले. मेक्सिको सिटीच्या पोटात त्यांचं थोरलं देऊळ उकरलं तेव्हा ते मुखवटे तिथे सापडले. आणि आल्यावर त्यांनी तेच केलं जे आपला गाईड करतो : माहिती नव्हती तिथे गोष्ट घातली. देव इथे जमले, नवा सूर्य हवा म्हणून. आगीत उडी कोण घेणार? श्रीमंत, मानी तेक्सिस्तेकात्ल पुढे झाला आणि चार वेळा कच खाऊन मागे आला. अंगभर फोड आलेला गरीब नानावात्सिन एका दमात उडी घेऊन मोकळा झाला आणि सूर्य झाला. मग लाजेने दुसऱ्याने घेतली, तो चंद्र. तोही तेवढाच लखलखू लागला तेव्हा देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. तो ससा अजून दिसतो. पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला आमच्या लोकांनीही चंद्रावर ससाच बघितला, हे मी गाईडला सांगितल्यावर तो प्रथमच खरा खूश झाला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. खानखोजे लिहून घेतले नव्हते.

अवशेषही आपापल्या परीने घडवलेले असतात. 1910 साली मेक्सिकोच्या स्वातंत्र्याची शताब्दी होती आणि अध्यक्ष पोर्फिरिओ दिआस यांना पाहुण्यांना दाखवायला काहीतरी भव्य हवं होतं. सरकारी पुरातत्त्व अधिकारी लेओपोल्दो बात्रेस यांनी सूर्याचा पिरॅमिड उकरायला घेतला, बाहेरचा काही मीटर जाडीचा थर उतरवून टाकला, आणि आज दिसणारा एक टप्पा मुळात नव्हताच असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं पडलं. पाहुणे येऊन गेले, त्याच वर्षी क्रांती झाली, पुढच्या वर्षी दिआस देश सोडून गेले. टप्पा राहिला. गाईडने भिंतीशी वाकून एक खूण दाखवली : दगडांमधल्या चुन्यात बोराएवढे खडे ओळीने दाबून बसवलेले. खडे असतील तिथे डागडुजी आधुनिक. झालं, त्या क्षणापासून आमचं पिरॅमिडवरचं लक्ष उडालं. सगळी मंडळी नाक भिंतीला लावून खडे शोधू लागली. “हे नवं.” “हेही नवं.” “इथे नाहीयेत!” असं म्हणून कोलंबियाचा नवरा धावत गेला, तर तिथे खडे गळून पडले होते.

पंखधारी सर्पाच्या देवळापाशी गाईडने सांगितलं, की या इमारतीच्या पोटात दोनशेच्या वर माणसांचे सांगाडे सापडले, बऱ्याच जणांचे हात पाठीमागे बांधलेले. आम्ही “अच्छा” म्हणालो. पाणी प्यालो. टेक्सासवाल्यांनी दगडी सर्पाच्या जबड्यासारखं तोंड करून फोटो काढला. 2003 मध्ये पावसाने इथे एक खड्डा पडला आणि खाली बोगदा निघाला, त्यात पुढे पारा सापडला, हे त्याने सांगितलं तेव्हा मात्र सगळ्यांनी आपापल्या पायांखाली बघितलं. दोनशे बळींनी कुणाच्या अंगावर काटा आला नाही. सकाळच्या त्या घोंगड्यांवरून अजून कुणीच कुणाशी बोललेलं नव्हतं.

विक्रेते इथेही आहेतच. त्यांच्याकडे मातीच्या शिट्ट्या असतात, त्यांतून जग्वारची डरकाळी निघते. तीन बाजूंनी एकदम डरकाळ्या येतात आणि चौथ्या बाजूने आवाज येतो : “मित्रा, जवळजवळ फुकट!” या पडक्या देवांनाही पूर्ण निवृत्ती नाही. दर मार्चमध्ये, दिवस-रात्र समान होतात तेव्हा, पांढरे कपडे घालून हजारो लोक इथे येतात आणि हात वर करून पिरॅमिडकडून ऊर्जा घेतात. कुणाच्या देवाची, हे त्यांनाही ठाऊक नसतं, आणि म्हणूनच त्यात कुणाचं काही अडत नाही. मृत देव काही मागत नाही. त्याच्या पायरीवर बसून तुम्ही बिस्किटं खाऊ शकता. मीही खाल्ली.

जेवण बुफे होतं. गुहेत थाटलेलं एक सुंदर हॉटेल जवळच आहे, पण ते आमच्या पत्रकात बसत नव्हतं. निवडुंगाची भाजी आणि काळा राजमा मी दोनदा घेतला.

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाला एक कर भरावा लागतो, त्याची पावती कुणी देत नाही : घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर तीच ती स्थळं नव्याने बघण्याचा. भाचा तो कर इतके दिवस भरत होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या मित्राचे आईवडील सांगलीहून आले. “मामा, तुला आता सगळं माहितीये,” तो म्हणाला. “तूच जा ना त्यांना घेऊन. गाडी ठरवून देतो.”

मी नेलं. ग्वादालुपेला मी दारात उभं राहून “पंचवीस मिनिटं, घड्याळाखाली” म्हणालो. काकू आत गेल्या त्या पाऊण तासाने आल्या. पट्ट्यावरून किती वेळा गेलात, हे मी विचारलं नाही. तेओतिवाकानला काकांनी खडे शोधले. मी त्यांना सूर्य सांगितला, चंद्र सांगितला, ससा सांगितला, बात्रेस सांगितले आणि मध्येच पांडुरंग खानखोजेही घालून दिले. मृतांच्या रस्त्यावर उभं राहून काकूंनी विचारलं, “एवढं मोठं शहर, एवढे सरळ रस्ते. राजा कसा होता हो इथला?”

“फार कडक होता,” मी म्हणालो.